आमच्या कोपऱ्यावरचं मेडिकल: पाचपैकी अडीच तारे

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नाही आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आजही तिथूनच येतात. रात्री अकरापर्यंत उघडं. सुट्टे नसले तर "राहू द्या ताई, उद्या द्या." पावसात पोरगा जिन्यापर्यंत पिशवी आणून देतो. इन्सुलिन न विसरता बर्फात घालून देणारं आमच्या भागातलं हे एकच दुकान. याचे दोन तारे डोळे झाकून.

पुढचा अर्धाच का, ते डोळ्यांबद्दलच आहे.

माझी लेक अकरावीपासून कॉन्टॅक्ट लेन्स लावते. जूनमध्ये डोळा चुरचुरतो म्हणून ती एकटीच दुकानात गेली. आधी स्टेरॉइड मिसळलेली बाटली पुढे आली (ती तिने नको म्हटली, एवढं तरी घरात शिकवलंय), मग टोब्रामायसिन या अँटिबायोटिकचे थेंब. लेबलवर उभी लाल रेघ, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नाहीत. चिठ्ठी कुणी मागितली नाही. सल्ला मात्र फुकट मिळाला: "रोज नको टाकू, गरम पडतं. लाल झाला की एक थेंब, बास."

मी 22 वर्षं कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते आणि माझ्याच घरात दीड महिना हे चाललं होतं, मला पत्ता नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी तिला डोळा उघडवेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळावरचा पांढरा ठिपका दाखवला, खरवडून नमुना घेतला आणि वेगळे, जास्त तीव्र थेंब लिहून दिले. दोन दिवस आणि दोन रात्री, दर तासाला. गजर लावून उठत होते. डोळा वाचला. कडेला फिकट डाग राहिलाय.

लेन्सची डबी मी लॅबमध्ये नेली. डाव्या वाटीच्या तळाशी काडी फिरवली तर घसरली. आठवडाभर न घासलेला माठ आतून लागतो तसं बुळबुळीत. सेट्रिमाइड अगारवर, म्हणजे ठरावीक जंतू वाढवायच्या माध्यमावर, रेघोट्या ओढून प्लेट 37 अंशांवर ठेवली. दुसऱ्या दिवशी हिरवट झाक, आणि झाकण किलकिलं केलं की द्राक्षांसारखा गोडसर वास. स्युडोमोनास नावाचा जंतू. पोरांना कौतुकाने हुंगायला लावते मी हा वास, त्या दिवशी मळमळलं.

यात दुकानाचा काय दोष, असं कुणी म्हणेल. डबी घासायचा आळस लेकीचा, कबूल. पण थेंब डोळ्यात पडतो तेव्हा औषध भरपूर असतं, अश्रू ते काही मिनिटांत धुऊन नेतात. मग जे उरतं ते जंतू मारण्याइतकं नसतं, पण त्यांना चाहूल लागण्याइतकं असतं. 2005 साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी 'नेचर'मध्ये नेमकं हेच औषध आणि हाच जंतू घेऊन दाखवलं होतं: टोब्रामायसिन मारक मात्रेच्या खाली ठेवलं की स्युडोमोनास उलट जास्त बायोफिल्म, म्हणजे चिकट थर, बांधतो. एआरआर नावाचं जनुक निकामी केलेले जंतू मात्र तसं करेनात. म्हणजे अर्धमेले होऊन कुठेतरी चिकटले, असला प्रकार नाही हा. धोका कळला की चिकट रस सोडायचा आणि एकमेकांना धरून बसायचं, याची तयारी त्यांच्यात आधीपासून असते. एकदा थर जमला की तरंगत्या जंतूंना पुरणारी मात्रा आतल्यांना पुरत नाही. सगळ्याच औषधांचं असं नाही. अॅझिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक थोडं दिलं तर याच जंतूंच्या आपसातल्या इशाऱ्यांत घोळ घालतं.

आमच्या डबीत हेच झालं असं छातीठोक सांगणार नाही. नुसत्या न घासलेल्या डबीतही थर धरतोच. पण "थेंब आहेत ना" या भरवशावर तीन महिन्यांनी बदलायची डबी वर्षभर चालली, हे खरं.

चैन पडेना म्हणून लॅबमध्ये या जंतूवर टोब्रामायसिनच्या उतरत्या मात्रांच्या नळ्या लावल्या. दोन दिवसांनी ओतून, धुऊन, क्रिस्टल व्हायोलेट घातलं, चिकटलेला थर रंगवणारा जांभळा रंग. पहिल्या नळ्या कोऱ्या. औषध नसलेल्या नळीत फिकट कडं. आणि जिथे औषध जेमतेम कमी पडलं होतं त्या नळीत, पाण्याची रेषा होती तिथे, गडद जांभळी बांगडी. तीनदा लावलं, दोनदा असं आलं. संशोधन नव्हे हे, पण फोटो काढून दुकानात नेला.

काउंटरवर चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "द्राक्षासवाची बाटली फुटली का काय?"

मी सगळं सांगितलं. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली, तरी ऐकून घेतलं. तेव्हापासून थेंबांच्या प्रत्येक बाटलीवर मार्करने "उघडल्यावर 1 महिना" लिहून देतात. म्हणून तो अर्धा तारा.

परवा मी तिथेच उभी असताना बाइकवरून एक मुलगा आला, हेल्मेट न काढताच म्हणाला, "लाल डोळ्याचे थेंब द्या." यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "चिठ्ठी आहे?"

मुलगा गाडी वळवून समोरच्या मेडिकलमध्ये गेला आणि मिनिटभरात बाटली खिशात टाकून निघालाही.

"बघा ताई," ते म्हणाले, "गेलं गिऱ्हाईक."