थकलेलं बिल : फोन, नोटीस की ‘समाधान’?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका व्हॉल्व्हच्या कारखान्याचा कॅटलॉग मी केला होता. ठरले ६२ हजार. निम्मे आधी मिळाले, उरलेले ३१ हजार सात महिने अडकले. शेठना फोन केला की एकच उत्तर, "थई जशे बेन." शेवटी दांडिया बाजारातून स्कूटर काढली आणि थेट त्यांच्या अकाउंट्समध्ये जाऊन बसले. तिथल्या भाईंनी बॉक्स फाइल उघडली, माझं बिल वर काढलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आमां पीओ नंबर ज नथी." बिलावर शेठची सही होती, पण पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या खरेदी-ऑर्डरचा नंबर, नव्हता, म्हणून ते सिस्टिममध्ये चढलंच नव्हतं. नवीन बिल दिलं, नवव्या दिवशी पैसे जमा.

तेव्हा कुठला मार्ग धरायचा हे ठरवण्याआधी तुमचं बिल तिकडच्या पुस्तकात चढलंय का, ते बघा. घरबसल्याही अंदाज येतो. आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचा तपशील, उघडा. न मिळालेल्या रकमेवर टीडीएस कापलेला दिसला, तर पार्टीने तुमचं बिल पुस्तकात घेतलंय. त्या पानाची प्रिंट जपून ठेवा, पुढे कुठेही गेलात तरी लागते.

बिल चढलं नसेल, तर फोन आणि चकरा यांच्याइतका स्वस्त मार्ग नाही. संबंधही टिकतात. फक्त बोलणी हवेत राहता कामा नयेत. फोन ठेवला की लगेच मेल टाका : आज बोलल्याप्रमाणे अमुक रक्कम अमुक तारखेला. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि त्या मुदतीत पार्टीने देणं सहीनिशी लेखी कबूल केलं, तर ती नव्याने मोजली जाते. तरी यात मी एका महिन्यापेक्षा जास्त घालवणार नाही. जीएसटीत नोंदणी असेल तर पैसे येवोत न येवोत, बिलावरचा कर आपल्यालाच भरावा लागतो. ३१ हजारांवर १८ टक्क्यांनी ५,५८० रुपये होतात, आणि न मिळालेल्या पैशावरचा कर खिशातून भरताना जीव तुटतो.

वकिलाच्या नोटिशीने पार्टी जागी होते, पण ते गिऱ्हाईक बहुतेक सुटतं. वीस-तीस हजारांसाठी वकिलाची फी आणि कोर्टाच्या तारखा परवडत नाहीत. अपवाद चेक परत आल्याचा. तिथे मुदती कडक आहेत : बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पार्टीला १५ दिवस, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. असा चेक हातात असेल तर फोनाफोनीत एकही आठवडा घालवू नका.

तिसरा मार्ग २००६च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याचा. आपल्यातल्या फार थोड्यांना हे माहीत असतं की डिझायनर, अनुवादक, फोटोग्राफर, प्रोग्रामर असा एकटा माणूसही यात सूक्ष्म उद्योग म्हणून बसतो. ‘उद्यम’ ही अशा उद्योगांची सरकारी नोंदणी आधार आणि पॅनवर फुकट होते. ती काम सुरू करण्याआधीच करून ठेवा, नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद निघतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, असेल तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. आणि काम दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असंच धरलं जातं. सहा महिन्यांनी "डिझाइन पसंत नव्हतं" म्हणणाऱ्यांना हे दाखवता येतं.

‘समाधान’ या सरकारी पोर्टलवर तक्रार केली की प्रकरण आपल्या राज्यातल्या, थकलेल्या बिलांचे तंटे सोडवणाऱ्या परिषदेपुढे जातं. गिऱ्हाईक पुण्याचं असलं तरी खेटे त्यांना गुजरातेत घालावे लागतात. निकाल त्यांच्या विरोधात गेला आणि तो रद्द करून घ्यायचा असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. नोटिशीपेक्षा हे कितीतरी वजनदार. मात्र निकालासाठी कायद्यात दिलेल्या ९० दिवसांच्या भरवशावर घरभाडं ठरवू नका. परदेशी गिऱ्हाइकाला तर हे लागूच नाही.

माझं मत विचाराल तर तक्रारीआधी याच कायद्याचा मेल पाठवावा, आणि तो फेब्रुवारीत. आयकराच्या ४३बी(एच) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीमुळे, मुदत उलटलेलं सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ३१ मार्चच्या आत चुकवलं नाही, तर तो खर्च पार्टीला त्या वर्षी वजा मिळत नाही. मेलमध्ये उद्यम नंबर, बिलाची तारीख आणि ही एक ओळ, एवढंच. त्यांच्या सीएंनाही प्रत पाठवा. शेठ कानाडोळा करतील, सीए करणार नाहीत. अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला मात्र याची झळ लागत नाही. तिथे फोनच करावा लागतो.

ठरवायचंच झालं तर असं : ५० हजारांच्या आत आणि गिऱ्हाईक पुन्हा हवं असेल, तर अकाउंट्सची एक चक्कर आणि हा मेल. रक्कम मोठी असून पार्टी उत्तरच देत नसेल, तर समाधान. उद्यम नोंदणी नसेल तर वकील.

त्याच कारखान्याचं दुसरं काम यंदा आलं. पीओ हातात आल्यावरच सुरू केलं. निम्मे आधी, ३० टक्के डिझाइन पास झाल्यावर, आणि ओपन (बदल करता येणारी) फाइल शेवटचे २० टक्के जमा झाल्यावर. तोवर त्यांच्याकडे वॉटरमार्क टाकलेली पीडीएफ होती. या वेळी शेवटच्या हप्त्यासाठी फोन त्यांचाच आला, कारण प्रेसवाला फाइल मागत होता.