फूट-इंचाच्या खुणा आणि ऑनक्लिक : एका हंगामानंतरचा अनुभव

लातूरला मामाचं पाईप-ठिबकचं दुकान आहे, तिथलं बिलाचं पान मी साध्या एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा) फाईलवर करून दिलंय. मालाच्या प्रत्येक ओळीत बटण आणि बटणाच्या टॅगातच ऑनक्लिक, म्हणजे बटण दाबल्यावर काय करायचं ती जावास्क्रिप्टची (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामची भाषा) ओळ. सर्व्हर नाही, वर्षाला सॉफ्टवेअरवाल्याला पैसे नाहीत, जुन्या कॉम्प्युटरवर पण झटक्यात उघडतं. उन्हाळाभर मी याला पाच स्टार देऊन मोकळा झालो होतो.

पेरणीच्या गर्दीत मामाचा फोन आला, "आरं बाकी सगळं निघायलंय, स्प्रिंकलरच्या पाईपाचं बटण दाबलं तर कायच होईना." ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दिसतात ती जागा) सिंटॅक्स एरर, म्हणजे लिखाणाची मांडणीच चुकलेली. मालाचं नाव होतं २.५" x २०' पाईप (" म्हणजे इंच, ' म्हणजे फूट), दुकानात सगळे असंच लिहितात. आता ॲट्रिब्यूटला (टॅगात लिहिलेल्या ऑनक्लिकसारख्या माहितीला) बाहेरून डबल कोट (तीच इंचाची खूण), आत नावाला सिंगल (तीच फुटाची), मग फुटाची खूण आली की जावास्क्रिप्टच्या लेखी नाव तिथंच संपलं आणि इंचाची आली की ब्राउझरच्या लेखी अख्खं ॲट्रिब्यूटच संपलं.

यावर हमखास सांगतात की खुणेच्या जागी एचटीएमएलचा कोड (खुणेऐवजी लिहायची ठरलेली अक्षरं) टाका. इंचाला ते चालतं, फुटाला अजिबात नाही! कारण ब्राउझर आधी कोडाची परत खूण करतो आणि मगच ते जावास्क्रिप्टला देतो, त्यामुळं फुटाच्या आधी बॅकस्लॅशच (\) पाहिजे. एकाच नावात दोन खुणा आणि दोघींना दोन वेगळे नियम, हे कोण रोज सांभाळणार? मामा तर दर आठवड्याला नवीन माल भरतो.

अजून एक, ऑनक्लिकमध्ये नवी खिडकी उघडायला नुसतं ओपन लिहू नका. तिथं विंडोच्या (ब्राउझरची खिडकी) आधी डॉक्युमेंट (तिच्यातलं पान) बघितलं जातं आणि त्याचंच ओपन चालतं, नवी खिडकी राहिली बाजूला, समोरचं पानच कोरं होतं. विंडो डॉट ओपन असं पूर्ण लिहायचं.

आता नाव डेटा-ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगात नुसती माहिती ठेवायची जागा, ती जावास्क्रिप्ट म्हणून चालत नाही) ठेवलंय आणि पूर्ण टेबलाला मिळून एकच ॲडइव्हेंटलिसनर (कुठलं बटण दाबलं ते ऐकणारी जावास्क्रिप्टची आज्ञा). फुटाला काहीच करावं लागत नाही, इंच आणि अँपरसँड (&) तेवढे कोडात, आणि ते काम फाईल बनवणारी स्क्रिप्टच करते. त्यामुळं मालाच्या नावासाठी ऑनक्लिकला एकच स्टार. "छापा" बटणावर मात्र तेच ठेवलंय, तिथं नाव येत नाही, छान चालायलंय.