‘बॅटमॅन बिगिन्स’: गॉथमच्या नळाचा हिशोब

सुपरहिरोच्या जन्मकथांत ख्रिस्तोफर नोलनचा २००५ चा हा पिक्चर सगळ्यात पटणारा. गाडी कुठून आली, चिलखत कुणी दिलं, पैसा कुणाचा, सगळ्याची उत्तरं मिळतात. म्हणूनच कथा नळाच्या पाण्यापाशी आली की जास्त टोचते.

खलनायकाचा डाव असा: भीतीचं विष कित्येक आठवडे बॅटमॅनच्या गॉथम शहराच्या पाण्यात मिसळलंय. प्यायल्यानं काही होत नाही, ते श्वासातूनच भिनतं. मग मायक्रोवेव्हचं यंत्र मोनोरेलमधून मुख्य जलवाहिनीवरनं न्यायचं, पाण्याची वाफ करायची, की शहर वेडं.

हेच कोल्हापुरात करून बघा. पहाटे बंब पेटला, चहाचं आधण ठेवलं, रविवारी तांबडा रस्सा रटरटला, की पहिल्याच आठवड्यात सगळी पेठ किंचाळत रस्त्यावर. गॉथममध्ये एवढे दिवस कुणी गरम पाण्यानं अंघोळच केली नाही का? पटकथेत याला एका ओळीचंही उत्तर नाही.

यंत्राचं गणितही बसत नाही. २५ अंशांचं एक लिटर पाणी पूर्ण वाफ व्हायला साधारण २,५७० किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळपास पाऊण युनिट वीज. पाण्याला ८०० वॅट देणारा घरचा ओव्हन त्यासाठी पन्नासेक मिनिटं घेईल. त्यात लोखंडी पाइप मायक्रोवेव्ह लहरी परतवून लावतो, त्या आत शिरणारच नाहीत. माणसाच्या अंगात मात्र सुमारे ६० टक्के पाणी, आणि वर पत्रा नाही. यंत्राशेजारची मंडळी आधी शिजायला हवीत. ती तिथंच निवांत हाणामारी करतात.

विज्ञान एकवेळ सोडून देता येतं. २००८ च्या ‘आयर्न मॅन’मध्ये छातीतलं यंत्र सेकंदाला ३ गिगाज्यूल देतं, म्हणजे ३,००० मेगावॅट. आपला अख्खा कोयना वीज प्रकल्प १,९६० मेगावॅटचा! त्यातली एक टक्का उष्णता जरी वाया गेली तरी ३० मेगावॅट, आणि थंड करायची सोय शून्य. तरी तिथं खटकत नाही, कारण एकदा मान्य केलं की पुढची गोष्ट त्याच हिशोबानं चालते.

‘बिगिन्स’ मात्र ‘जीव घ्यायचा नाही’ हा स्वतःचाच नियम मोडतो, हे खरं दुखणं. ब्रूस, म्हणजे पुढचा बॅटमॅन, एका कैद्याचं मुंडकं उडवायला नकार देतो आणि लगेच, जिथं लढायला शिकला त्याच गढीला आग लावतो. आत दारूगोळा, माणसं भरलेली. त्या कैद्याचं काय झालं, कुणी विचारतही नाही. शेवटी खलनायकाला म्हणतो, तुला मारणार नाही, पण वाचवणंही माझ्यावर बंधनकारक नाही. अरे बाबा, मोनोरेलचा पुढचा खांब पोलीस अधिकारी गॉर्डनकडून तूच पाडून घेतलास की!

तरीही पाचपैकी साडेतीन. भीतीला हत्यार करण्याची कल्पना पक्की आहे आणि पहिला तास बांधून ठेवतो. लांबी १४० मिनिटं. वेशातला बॅटमॅन साधारण तासाभरानं गोदीत दिसतो, घरी बघताना मध्यंतर तिथंच घ्या. पोत्याचा मुखवटा घालून भीती घालणाऱ्या खलनायकाचे प्रसंग लहान पोरांना झेपणारे नाहीत.