पायप्सा सात-आठ महिने वापरल्यावर: कोयनेचं पाणी, घाटातला वारा आणि उघडा हिशेब

बरेच जण विचारतात की वीज नियोजनाचं मॉडेलिंग शिकायचं तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी गेले सात-आठ महिने पायप्सा (PyPSA) हे वीजग्रिडचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर वापरतोय, महाराष्ट्राच्या ग्रिडचं एक लहान मॉडेल, थोडेच नोड (ग्रिडवरची ठिकाणं) पण पूर्ण वर्ष तासातासाने. त्याआधी कामावर एक पैसे भरून घेतलेलं टूल होतं, त्याचं नाव घेत नाही, काम नीट करायचं पण आत काय चाललंय ते दिसायचं नाही. २०३० ला इतकी बॅटरी लागेल असं उत्तर यायचं आणि का लागेल विचारलं की मॉडेलनेच सांगितलं एवढंच उत्तर. मला ते कधीच पटलं नाही, कारण असल्याच आकड्यांवर पुढे वीज खरेदीचे करार होतात आणि ते पैसे आपल्या बिलात येतात.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर आत्ताची टूल्स अशी का आहेत ते कळणार नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली अमेरिकेतली ब्रुकहेवन प्रयोगशाळा आणि जर्मनीतलं युलिश संशोधन केंद्र यांनी मिळून मार्कल नावाचं मॉडेल बनवलं. प्रश्न साधा होता, पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कुठलं इंधन आणि कुठली केंद्रं घेतली तर एकूण खर्च कमीत कमी येईल. त्यात अख्खं वर्ष सहा तुकड्यांत बसवलेलं असायचं, उन्हाळा, हिवाळा आणि मधला काळ, आणि प्रत्येकाचा दिवस आणि रात्र. कोळसा आणि तेल असताना ते चालून गेलं कारण केंद्र आपण सांगू तेव्हा चालतं. पुढे त्याचा नवा अवतार टाइम्स आलं, त्यात तुकडे हवे तेवढे करता येतात, पण ते गॅम्स या भाषेत लिहिलेलं आणि गॅम्सचं लायसन्स विकत घ्यावं लागतं, सॉल्व्हरचं (प्रत्यक्ष गणित सोडवणारा प्रोग्राम) वेगळं, म्हणजे गरीब देशातल्या विद्यार्थ्याला दार बंदच. ओसेमोसिस या मॉडेलने तिथे मोठं काम केलं, फुकट सॉल्व्हरवर चालणारं आणि कोड इतका छोटा की बसून वाचता येतो.

मग सोलर आणि वारा वाढले आणि सहा तुकड्यांचं गणित कोलमडलं. दुपारी एक वाजता वीज जास्त आणि संध्याकाळी सातला कमी, हे दिवस-रात्र अशा दोन खणांत दिसणारच नाही. म्हणून तासाचं मॉडेल. पायप्सा त्यातलंच, फ्रँकफर्टमध्ये टॉम ब्राउन आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेलं, त्याचा पेपर २०१८ चा. पायथनमध्ये आहे, फुकट आहे, कोड सगळा उघडा, वर्षाचे ८७६० तास सरळ घेतं आणि त्यासोबत लाइन्सचा लोड फ्लोही, म्हणजे कुठल्या लाइनमधून किती वीज वाहते ते.

आता खरा अनुभव. सगळ्यात जास्त वेळ गेला कोयनेवर. कोयना १९६० मेगावॅट, मॉडेलमध्ये जलविद्युत म्हणून टाकली आणि पाण्याची अट नीट घातली नाही तर सॉल्व्हरच्या दृष्टीने ती फुकटची वीज, तो ती वर्षभर रोज संध्याकाळी ओढतो आणि बॅटरी लागतच नाही असं छान उत्तर देतो. प्रत्यक्षात कृष्णा पाणी लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. माझ्या ढोबळ हिशेबाने तेवढ्या पाण्यावर पूर्ण क्षमतेने वर्षातले दीड हजार तासही निघत नाहीत. आणि ते वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर असं मॉडेल चालवलं तर दोन पाणीवर्षांचे अर्धे अर्धे तुकडे एकत्र येतात, म्हणून मी जून ते मेच चालवतो. पायप्सात आधी मॉडेल बांधून घ्यायचं, सोडवायच्या आधी आपली एक अट त्यात घालायची, की पश्चिमेच्या टर्बाइनमधून वर्षभरात गेलेलं एकूण पाणी इतक्यापेक्षा कमी. एका ओळीचं काम. जुन्या टूलमध्ये यासाठी कंपनीला मेल टाकून वाट बघायला लागायची.

आणि त्याच अटीतून जे मिळतं ते मला फार मोलाचं वाटतं. उत्तरासोबत प्रत्येक अटीची किंमत येते, म्हणजे अजून एक टीएमसी पाणी मिळालं असतं तर राज्याचा वीजखर्च किती कमी झाला असता ते थेट रुपयात. तेच पाणी पूर्वेला सांगलीकडच्या शेतीला हवं असतं, तो वाद आपण कायम ऐकतो, पण विजेच्या बाजूने त्या पाण्याची किंमत किती हे समोर ठेवून बोलणं वेगळंच. आणि ज्याला माझा आकडा चुकीचा वाटतो तो फाइल उघडून माझी गृहीतकं बदलून बघू शकतो!

वाऱ्याचं मात्र जपून. पायप्सासोबत अॅटलाइट नावाचं टूल येतं, ते ईआरए५ हा हवामानाचा डेटा घेऊन कुठल्याही जागेचं तासावार सोलर आणि पवन उत्पादन काढून देतं, सोलरसाठी झकास. पण त्याची जाळी साधारण ३० किलोमीटरची, त्यात साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार आणि खालची दरी एकाच चौकोनात सपाट होतात, त्यामुळे घाटमाथ्याचा वारा बराच कमी दिसतो. ग्लोबल विंड अॅटलसने (वाऱ्याचा जास्त बारीक नकाशा) दुरुस्ती केल्याशिवाय साताऱ्याच्या पवनचक्क्यांचे आकडे वापरू नका. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सोलर पडतं तेव्हाच आपल्याकडे वारा जोरात असतो, ही जोडी मॉडेलला नीट दिसली नाही तर सगळंच बिघडतं.

नवीन लोक जिथे वैतागतात ती जागा म्हणजे इन्फीझिबल असा मेसेज, म्हणजे सगळ्या अटी एकत्र पाळणारं उत्तरच नाही. का ते कळत नाही. उपाय जुना आहे, प्रत्येक नोडला भारनियमनाचं एक खोटं जनरेटर लावायचं, खूप महाग दराचं, मग मॉडेल अडत नाही आणि कुठल्या तासाला किती वीज कमी पडली ते सरळ दिसतं. मी ते पहिल्या दिवसापासून ठेवतो.

स्पीडबद्दल, हायज हा एडिनबरा विद्यापीठातून आलेला फुकटचा सॉल्व्हर माझ्या साध्या लॅपटॉपवर वर्षभराचं मॉडेल चहा होईपर्यंत सोडवतो, पण कोळशाचं युनिट चालू की बंद आणि क्षमतेच्या ५५ टक्क्यांच्या खाली आणायचं नाही हे घातलं की पूर्णांकांचं गणित होतं आणि रात्रभर लावून झोपायला लागतं. गुरोबी हा विकतचा सॉल्व्हर खूप फास्ट आहे, कॉलेजवाल्यांना फुकट मिळतं, बाकीच्यांना परवडत नाही. तीन तासांची सरासरी घेऊन वेळ वाचवू नका, संध्याकाळचा पीक त्यात चपटा होतो आणि बॅटरीचा आकडा कमी येतो.

जिथे पायप्सा कमी पडतं ते म्हणजे मागणी. मागणी तुम्ही द्यायची, ते फक्त पुरवठा बसवतं. युरोपचे रेडिमेड आकडे आहेत, आपल्याकडे पंपाचा लोड म्हणजे सगळा अंदाज, दिवसा आठ तास की रात्री दहा तास यावर आख्खा लोड कर्व्ह (तासातासाच्या मागणीचा आलेख) बदलतो. सौर कृषी वाहिनी योजनेमुळे पंप दिवसावर गेले तर काय होतं ते मी चालवून बघितलं, सोलर जागच्या जागी वापरलं जातं आणि रात्रीचा ताण कमी होतो, पण संध्याकाळी सात ते दहाचा घरांचा पीक जिथे होता तिथेच राहतो, त्याला पंपांनी काही फरक पडत नाही. मागणीसाठी पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाचं रुमी हे टूल बघा, तेही ओपन सोर्स. घरात पंखा, फ्रिज, एसी किती आणि कसे वाढतील तिथून मागणी वर बांधत नेता येते, आणि पीअर नावाने भारताचं तयार मॉडेलही त्यांनी दिलंय. मी सध्या तिथून वर्षाची मागणी घेतो, तासांत पाडतो आणि पायप्साला देतो.

पायथन येत असेल तर दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. येत नसेल तर आधी लीप (LEAP) हे ऊर्जा नियोजनाचं सॉफ्टवेअर घ्या, खिडक्या-बटणांचं आहे, विकसनशील देशातल्या विद्यार्थ्यांना लायसन्स फुकट मिळतं. आणि कोणाकडे कृषी फीडरचे खरे तासावार आकडे असतील, एका तालुक्याचे का होईना, तर सांगा, माझी अख्खी फाइल द्यायला तयार आहे.