रिटेल मॅनेजमेंटचं अप्रेंटिस वर्ष: काय आपोआप मिळतं, काय मागून घ्यावं लागतं

रिटेल मॅनेजमेंटच्या पदवीला जोडून सुपरमार्केटमध्ये काढायचं एक वर्ष आता बऱ्याच कॉलेजांत असतं. अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदवीसाठी यूजीसीने 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून अशा अभ्यासक्रमांना अधिकृत चौकटही आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: हे वर्ष करण्यासारखं आहे. मात्र त्यातून काय पदरात पडेल हे दुकानांच्या साखळीच्या नावापेक्षा एकाच गोष्टीवर ठरतं. विद्यार्थ्याला बॅकस्टोअरमध्ये, म्हणजे माल उतरतो त्या दारात, किती आठवडे मिळाले? बारा महिने कॅश काउंटर आणि शेल्फ भरणं एवढंच झालं, तर तो स्वस्तात मिळालेला हेल्पर ठरतो आणि मॅनेजमेंट शिकायची राहून जाते.

दुकानाला माणसं नेहमी कमी पडतात ती फ्लोअरवर आणि बिलिंगला, त्यामुळे नवा अप्रेंटिस आपोआप तिथेच ढकलला जातो. म्हणून रुजू होण्याआधी रोटेशनचा तक्ता लेखी मागा. आमच्या मते वाटणी साधारण अशी असावी: फ्लोअर 8 आठवडे, कॅश 6, बॅकस्टोअर 10, स्टॉक ऑडिट (मालाची मोजणी) आणि लॉस प्रिव्हेन्शन (चोरी-तूट रोखणं) 4, एखाद्या कॅटेगरीची ऑर्डर आणि मार्जिन 8. उरलेला काळ डिपार्टमेंट मॅनेजरच्या हाताखाली. हे आठवडे थोडे मागेपुढे झाले तरी बिघडत नाही, पण बॅकस्टोअरचे दहा कमी होऊ देऊ नका.

आता तिथे काय शिकायला मिळतं ते पाहू. गाडी आली की आधी सीलचा नंबर कागदाशी ताडायचा, मगच सील तोडायचं. मग पीओ (दुकानाने दिलेली खरेदीची ऑर्डर), इनव्हॉइस (सप्लायरचं बिल) आणि प्रत्यक्ष माल या तिघांचा मेळ घालायचा. बॉक्सवरची एमआरपी सिस्टिममधल्या एमआरपीशी जुळते का, एक्स्पायरीला पुरेसे दिवस आहेत का, हेही इथेच बघायचं. एकूण शेल्फ लाइफच्या दोनतृतीयांश शिल्लक नसेल तर माल घ्यायचा नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. कमी निघालेला किंवा फुटलेला माल इनव्हॉइसच्या प्रतीवर लिहून ड्रायव्हरची सही घ्यायची आणि त्यानंतरच जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची सिस्टिममधली नोंद, करायची. हा क्रम उलटला, म्हणजे जीआरएन आधी झाला आणि तूट नंतर सापडली, की सप्लायर हात वर करतो आणि डेबिट नोटचं, म्हणजे तुटीचे पैसे वळते करण्याचं, भांडण महिनोन्महिने चालतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो केस आणि पीस यांत. समजा बिस्किटांच्या एका बॉक्समध्ये 24 पुडे आहेत. बॉक्सचा बारकोड वेगळा, पुड्याचा वेगळा. दहा बॉक्स आले आणि घाईत पुड्याच्या कोडवर 10 टाकले, तर सिस्टिममध्ये 10 पुडे चढतात आणि शेल्फवर 240 असतात. दुपारपर्यंत अकरावा पुडा विकला गेला की स्टॉक उणे दिसू लागतो. ऑटो रिप्लेनिशमेंटला, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या सिस्टिमला, वाटतं माल संपला, आणि ते आणखी मागवतं. दोन दिवसांनी बॅकस्टोअरमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि हा माल कोणी मागवला म्हणून शोध सुरू होतो. ही साखळी एकदा स्वतः उलगडून पाहिली की इन्व्हेंटरीचा धडा वेगळा पाठ करावा लागत नाही.

ऑर्डरिंगचंही तसंच. साबुदाणा घ्या. रोज सरासरी 12 पाकिटं जातात, माल यायला 3 दिवस लागतात, म्हणजे 36 पाकिटं हवीत. वर दोन दिवसांचा आधार म्हणून 24 धरली की रीऑर्डर पॉइंट, म्हणजे नवी ऑर्डर टाकायची पातळी, 60 येतो. एरवी हे गणित छान चालतं. आषाढी एकादशीच्या आठवड्यात मात्र रोजची विक्री 40 वर गेली तर तीच 60 पाकिटं दीड दिवसात संपतात, आणि गाडी येते तिसऱ्या दिवशी. सिस्टिम मागच्या काही आठवड्यांच्या सरासरीवर चालते, तिला पंचांग कळत नाही. म्हणून उपवासाचा माल दोन आठवडे आधी हाताने वाढवावा लागतो. एकादशी उलटल्यावर सरासरी फुगलेली असते, तेव्हा ऑर्डर हाताने खाली आणावी लागते. हे विसरलं की भगरीची पाकिटं पडून राहतात. श्रावण, गणपती, दिवाळीच्या फराळाचा रवा-मैदा-पिठीसाखर, संक्रांतीचे तीळ, पाडव्याच्या साखरगाठी, सगळ्यांचं हेच आहे. साखरगाठी तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. अप्रेंटिसला एक तरी सणाची कॅटेगरी नावावर द्या, असा आग्रह मॅनेजरकडे जरूर धरा.

रुजू कधी व्हावं, याचं उत्तरही यातच आहे. जून-जुलैत सुरुवात केली तर आषाढी ते दिवाळीचा चढ आणि पुढे 31 मार्चची स्टॉक मोजणी असं अख्खं चक्र एका दमात बघायला मिळतं. जानेवारीत रुजू झालेल्याच्या वाट्याला सुरुवातीला मंद महिने येतात. आणि काम खरं समजू लागतं तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला, त्याचं वर्ष संपत आलेलं असतं.

कॅश काउंटरचे सहा आठवडे पुरेसे आहेत, पण ते नीट करावेत. सकाळी फ्लोट (गल्ल्यातली सुरुवातीची रोकड) मोजून सही करायची, रात्री नोटांच्या मूल्यानुसार तक्ता भरायचा. कॅश कमी आली की बावरून जाण्याआधी एक गोष्ट तपासा: तेवढीच रक्कम यूपीआयमध्ये जास्त दिसते का? बहुतेक वेळा ग्राहकाने यूपीआयने पैसे दिलेले असतात आणि बिल मात्र कॅशवर बंद केलेलं असतं. दुसरा नेहमीचा वाद दोन एमआरपींचा. एकाच बारकोडवर जुना माल 48 रुपयांचा आणि नवा 52 चा असतो, आणि स्क्रीन कुठली किंमत लावू म्हणून विचारते. पाकीट उलटून छापील किंमत वाचल्याशिवाय बटण दाबू नये. छापील एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, आणि वैधमापन खात्याकडे गेलेली तक्रार दुकानाला महागात पडते.

सुट्या धान्याचा काटा हा फ्लोअरवरचा सगळ्यात शिकवणारा कोपरा आहे, आणि अप्रेंटिसला तिथे क्वचितच नीट समजावून सांगितलं जातं. काट्यातून निघणाऱ्या लेबलवर 13 आकडी बारकोड असतो. दुकानांतर्गत वापराचे कोड 20 ते 29 मधल्या आकड्यांनी सुरू होतात. नेहमीच्या मांडणीत पहिले दोन आकडे झाले की पुढचे पाच वस्तूचा कोड, नंतरचे पाच वजन किंवा किंमत, आणि शेवटचा पडताळणीचा. सव्वा किलो तांदूळ म्हणजे मधले पाच आकडे 01250. काही दुकानांत तिथे वजनाऐवजी किंमत बसवलेली असते, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. इंद्रायणीच्या जागी कोलमचं बटण दाबलं गेलं, तर ग्राहकाचा दर चुकतोच, शिवाय दोन्ही तांदळांचा स्टॉक बिघडतो: एकात तूट, दुसऱ्यात वाढ. ऑडिटच्या रात्री ही जोडी समोरासमोर दिसली की चोरीचा संशय बाजूला ठेवून आधी काट्याकडे बघावं. पिशवीचं वजन टेअर (वजा) केलं नाही तर तीही धान्याच्या भावात विकली जाते. इलेक्ट्रॉनिक काट्यांची मुद्रांकन-पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. काट्यावरची सीलची तारीख बघायची सवय अप्रेंटिसने लावून घ्यावी.

स्टॉक ऑडिटची रात्र थकवते, पण दुकान उलगडून दाखवते. त्या दिवशी जीआरएन थांबवतात, परतीच्या ट्रॉल्या जागेवर रिकाम्या करतात, शेल्फच्या प्रत्येक खणाला टॅग लावतात, मोजणी करतात आणि फरकाची यादी काढून तेवढंच दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घेतात. चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. एकच माल एंडकॅपवर (रांगेच्या टोकाच्या मांडणीवर) आणि मूळ शेल्फवर असतो, त्यातला एक मोजायचा राहतो. डॅमेजच्या क्रेटमधला माल कोणीच मोजत नाही. कॉम्बो पॅक फोडून सुटा ठेवलेला असतो. पुस्तकातला स्टॉक वजा प्रत्यक्ष स्टॉक, भागिले विक्री, म्हणजे श्रिंकेज. 50 लाखांच्या विक्रीवर 40 हजारांची तूट म्हणजे 0.8 टक्के. ग्राहकाने खिशात घातलेला माल हा त्यातला एक भाग असतो. बाकीच्यात चुकलेले जीआरएन, न नोंदवलेलं डॅमेज आणि काट्याचे घोळ असतात, हे त्या रात्री लक्षात येतं.

बाकी फ्लोअरचं काम, म्हणजे प्लॅनोग्राम (कुठला माल कुठे मांडायचा याचा आराखडा), फेसिंग (पाकिटं समोर ओळीत लावणं), आधी एक्स्पायरी होणारा माल पुढे, आठवड्याभरात हातात बसतं. आठ आठवड्यांहून जास्त तिथे ठेवलं तर विचारणा करा.

किराण्याऐवजी कपड्यांचं दुकान मिळालं तर धडे वेगळे असतात. तिथे एक्स्पायरीची कटकट नसते, पण कट साइज असतात: एम आणि एल संपतात, एक्सएस आणि डबल एक्सएल उरतात, रॅक भरलेला दिसतो आणि विक्री होत नाही. सेल-थ्रू (आलेल्या मालापैकी किती विकला) आणि मार्कडाउन (किंमत उतरवणं) शिकायला ती जागा उत्तम. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हप्त्यांची योजना, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि डेमो यांवर भर असतो; ज्याला पुढे सेल्समध्ये जायचं आहे त्याने ते घ्यावं. मॅनेजमेंटचा पाया हवा असेल तर आमचं मत किराण्याला, कारण तिथे चूक दोन दिवसांत समोर येते.

आकडे मागायला संकोच करू नका. रोज पाच आकडे वहीत लिहा: आत आलेले ग्राहक, बिलं, एकूण विक्री, सरासरी बिल, स्टॉक नसलेल्या वस्तू. 1,200 माणसं आली आणि 420 बिलं झाली तर कन्व्हर्जन 35 टक्के. विक्री 3,36,000 असेल तर सरासरी बिल 800 रुपये. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत पगार झालेले असतात, सरासरी बिल चढतं. वीस तारखेनंतर उतरतं आणि लहान पॅक जास्त जातात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हीच वही उपयोगी पडते. खरी विक्री छापायला कंपनी परवानगी देत नाही, म्हणून पहिला महिना 100 धरून बाकीचे महिने त्याच्या प्रमाणात दाखवा आणि मॅनेजरची लेखी संमती सुरुवातीलाच घ्या.

आता कागदपत्रं. इथे विद्यार्थी सगळ्यात जास्त गाफील राहतात. अप्रेंटिसशिपचा करार 1961 च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टखाली होतो आणि तो सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो. नोंदणी क्रमांक मिळाला नसेल तर कायद्याचं संरक्षण नाही, असं समजून पाठपुरावा करा. या कायद्याने अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी ठरतो, कामगार नव्हे, त्यामुळे पीएफची अपेक्षा ठेवू नये. 2019 च्या दुरुस्तीत किमान स्टायपेंड शिक्षणानुसार दरमहा 5,000 ते 9,000 रुपये ठरला, त्यात पदवीचा टप्पा 9,000 चा होता. सध्या लागू असलेला दर सही करण्याआधी पोर्टलवर बघून घ्या. एनएपीएस या केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत नोंद असेल तर सरकारचा वाटा, म्हणजे किमान स्टायपेंडच्या 25 टक्के आणि जास्तीत जास्त दरमहा 1,500 रुपये, थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. आधार खात्याला जोडलेलं नसेल तर तो अडकतो. कंपनीचा वाटा वेगळा जमा होतो, त्यामुळे पासबुकात दोन नोंदी दिसल्या पाहिजेत.

ओव्हरटाइमबद्दल कायदा स्पष्ट आहे: अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. दिवाळीच्या आठवड्यात 'आज जरा थांब' रोज होऊ लागलं तर हे कलम शांतपणे दाखवावं. कॅशची तूट स्टायपेंडमधून कापण्याचं कलम करारात असेल तर सहीआधी काढून घ्या. परीक्षेच्या रजेचे दिवस करारातच लिहून घ्या, कारण शनिवार-रविवार आणि सणाला सुट्टी मिळत नाही. साप्ताहिक सुट्टी मंगळवार-बुधवारकडे सरकते. दिवसभर उभं राहायचं असतं, तेव्हा बूट अर्धा नंबर मोठे आणि जाड तळाचे घ्या. संध्याकाळी पाय सुजतात. वर्ष संपल्यावर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. त्यामुळे नवव्या महिन्यातच मॅनेजरशी पुढचं बोलून ठेवा.

लॉगबुकवर, म्हणजे रोजच्या कामाच्या नोंदवहीवर, मॅनेजरची सही दर शनिवारी घ्या. मॅनेजरच्या बदल्या होतात, आणि पूर्वीच्या मॅनेजरच्या काळातली पानं नवा माणूस सही करत नाही. निघताना चार गोष्टी हातात घेऊनच बाहेर पडा: सह्या झालेलं लॉगबुक, कोणत्या विभागात किती आठवडे काम केलं याचं पत्र, शेवटच्या स्टायपेंडची नोंद, आणि पोर्टलवर करार 'पूर्ण' दाखवल्याचा स्क्रीनशॉट. करार अर्धवट दिसत राहिला तर अंतिम प्रमाणपत्र अडतं, आणि ते दुरुस्त करून घ्यायला त्याच दुकानाच्या एचआरकडे पुन्हा चकरा माराव्या लागतात.