पोर्श बॉक्सस्टर ९८६, काही महिन्यांच्या वापरानंतर: मुख्यतः सुरू न होण्याबद्दल

गाडी कशी वळते, छत उघडून पामबीच रोडला कसं वाटतं, हे सगळं भरपूर लिहून झालंय आणि त्यात खोटं काही नाही. २.७ लिटरचं इंजिन २२० अश्वशक्तीचं की २२८ चं यावर वाद घालायचा असेल तर आरसी काढून वर्ष बघा. इथे फक्त चावी फिरवल्यावर काय होतं, किंवा काय होत नाही, तेवढंच. ग्रीन टॅक्स भरून फेरनोंदणी केलेली, वीस वर्षांची गाडी घेणाऱ्याला महागडे टायर परवडतात, आठ-साडेआठ लिटर ऑइलही परवडतं. माजिवड्याला बंद करून परत सुरू न होणं परवडत नाही.

तक्रार अशी. थंड असताना गाडी मुकाट सुरू होते. घोडबंदर रोडच्या रांगेत तापली आणि पेट्रोल पंपावर दहा मिनिटं बंद ठेवली, की चावीला नुसतं ‘टक्’. डॅशचे दिवे लख्ख, पंखा चालू, सेल्फ (म्हणजे स्टार्टर) ढिम्म. अर्ध्या-पाऊण तासाने काही झालंच नव्हतं अशी सुरू. युरोपियन गाड्यांचे स्पेशालिस्ट म्हणवणाऱ्या ठाण्यातल्या एका गॅरेजने आधी नवी बॅटरी गळ्यात मारली. फरक पडला नाही तेव्हा स्टार्टरचं कोटेशन आलं, आणि ‘हात घालतोच आहे तर’ म्हणून अल्टरनेटरही त्यात. आकडा लिहीत नाही, पण तेवढ्यात चांगली सेकंडहँड अल्टो येते. या सगळ्यात गाडीला मीटर एकदाही लागला नव्हता. माझा राग स्टार्टरवर नाही, त्यावर आहे.

‘गाडी सुरू होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात आणि आधी ते वेगळे करावे लागतात. सेल्फ फिरतच नाही, हा पहिला. फिरतो पण रडतरखडत, हा दुसरा. जोमात फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा तिसरा. पहिल्या दोन्हींत पेट्रोल, प्लग, सेन्सर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांचा विषयच येत नाही. स्कॅनर लावून बसलात तर वेळ वाया. तिसऱ्यात बॅटरी बदलून उपयोग नाही.

पहिल्या आजारात चावी फिरवल्यावर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला जाड वायरीची वीज जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचच्या) बारीक वायरला, म्हणजे जर्मन वायरिंगमधल्या टर्मिनल ५० ला, वीज पोचते का ते बघायचं. तिथे १० व्होल्टच्या वर येत असतील तर चावी, रिले, क्लचचा स्विच असला तर तो, सगळे निर्दोष सुटले. दोष जाड वायरींत किंवा स्टार्टरमध्ये. तिथे काहीच येत नसेल तर उलट दिशेने चावीकडे यायचं. या मॉडेलमध्ये चावीमागचा इलेक्ट्रिक स्विच हमखास जातो. खूण अशी की सेल्फच्या आधीच रेडिओ, वायपर, एसीचा पंखा यांतलं काहीतरी मधूनच मरतं आणि चावी जराशी हलवली की जिवंत होतं. गॅरेजवाले अख्खं लॉक बदलायला सांगतात, त्याची गरज नसते. मागचा प्लास्टिकचा स्विच वेगळा मिळतो आणि तो त्या काळच्या ऑडी-फोक्सवॅगनचाच आहे, नंबर ४ए० ९०५ ८४९ बी. दोन बारीक स्क्रू, त्यांवर रंगाचा ठिपका. बॅटरीची उणे तार काढल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही, कारण वर एअरबॅग आहे. आणि बॅटरी काढण्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे ना ते बघा. वरच्या गॅरेजने बघितलं नाही आणि रेडिओ तेव्हापासून कोड मागत बसलाय.

या गाडीत मात्र टर्मिनल ५० ला वीज व्यवस्थित येत होती. ‘टक्’ हा सोलेनॉइडचाच आवाज. म्हणजे हुकूम पोचत होता, ताकद पोचत नव्हती.

आता मुद्द्याचं, आणि हे लांबणार आहे. बॅटरी पुढच्या डिकीत, इंजिन सीटच्या मागे. जाड धन केबल अख्ख्या गाडीखालून मागे जाते. परतीचा रस्ता म्हणजे बॉडीचा पत्रा, आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असल्याने पत्रा आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी. अर्थिंगची पट्टी. स्टार्टरचा सगळा करंट, दीडशे-दोनशे अँपिअर, या पट्टीतून परत येतो. वीस पावसाळे तिने चाकांनी उडवलेलं पाणी खाल्लेलं असतं. वरून काळपट दिसते, वाकवली की आतून हिरवी भुकटी पडते आणि तारा कटाकट तुटतात.

गॅरेजमधल्या पोराने ती तपासली होती म्हणे. मीटर ‘बीप’वर ठेवून दोन टोकं लावली, बीप वाजला, अर्थिंग ओके. (मीटर लागलाच नव्हता असं वर म्हटलंय ते याचसाठी, याला मी मीटर लावणं धरत नाही.) पट्टीतली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो. ओहमवर मोजूनही कळत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचा रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो आणि इथे गाडी अडवायला ०.०१ ओहम पुरतो. १५० अँपिअर गुणिले ०.०१, म्हणजे दीड व्होल्ट तिथेच गडप. डॅशचे दिवे दोन-चार अँपिअरचे, त्यांचा करंट या पट्टीतून जातच नाही, म्हणून ते लख्ख राहतात आणि माणूस स्टार्टरला शिव्या घालतो.

म्हणून मोजायचं ते सेल्फ मारताना, आणि व्होल्टवर. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजला. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंधनपंपाचा फ्यूज काढलेला, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसता सेल्फ फिरेल. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर: रात्रभर उभ्या गाडीला १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा, तरीही खाली गेली तर बदला. मग एक टोक बॅटरीच्या उणेला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. मीटरची वायर पुढून मागे पुरत नाही, पाचेक मीटर साध्या वायरला दोन क्रोकोडाइल क्लिप लावून वाढवा. पातळ वायर चालते, मीटरमधून करंट जवळपास वाहतच नाही. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने आकडा बघायचा. ०.२ पर्यंत चांगलं. इथे तापलेल्या गाडीत १.४ आला. त्यानंतर बॅटरीचं धन टोक ते स्टार्टरचा जाड बोल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत असलं की धन केबल पास. ती इथे पास झाली.

तापल्यावरच का, हेही सांगतो, कारण ‘हीट सोक’ (बंद इंजिनात साठलेली उष्णता) एवढंच म्हणून लोक मोकळे होतात. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. इंजिनच्या कप्प्यात तापमान ५० अंशांनी चढलं की पट्टी, स्टार्टरची गुंडाळी, सोलेनॉइडची गुंडाळी, सगळ्यांचाच रोध पाचव्या हिश्शाने वर. धडधाकट गाडीत एवढी शिल्लक असते. कुजक्या पट्टीने ती शिल्लक आधीच खाल्लेली असते.

मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक इंजिनच्या धातूला आणि दुसरं बॉडीच्या खरवडलेल्या, उघड्या धातूला घट्ट लावा. सेल्फ एकदम जोमात फिरला तर रोग सापडला, खर्च शून्य.

नवी पट्टी ३५ चौरस मिलिमीटरची, कथिल चढवलेली घ्या. वागळे इस्टेटमध्ये केबलवाल्याकडे लांबी आणि बोल्टचं भोक सांगितलं की हायड्रॉलिक प्रेसवर लग (टोकाची बोल्टची कडी) दाबून देतात. पकडीने दाबलेला किंवा नुसता सोल्डर केलेला लग घेऊ नका. बॉडीकडची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची, रंगाचा कण राहता कामा नये. दातेरी वॉशर, घट्ट बोल्ट, आणि व्हॅसलीन शेवटी, वरून. आधी लावून मग आवळणारे भेटतात. पट्टी जुन्याहून थोडी सैल हवी, इंजिन हलतं. सगळं मिळून एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाचं बिल. तापलेल्या गाडीत पुन्हा मोजलं, ०.१. सेल्फचा आवाजच बदलला.

इथवरचा अनुभव जमेस धरून, आधी पाचपैकी एक देण्याच्या लायकीचं वाटलेलं या गाडीचं इलेक्ट्रिकल चारवर गेलं होतं. मग पावसाळा आला.

त्याआधी एक भयंकर गोष्ट. ज्या ९८६ मध्ये पुढच्या डिकीचं कुलूप विजेवर आहे तिच्यात बॅटरी मेली की डिकी उघडत नाही, आणि बॅटरी डिकीत. टो करायचा हूकही टूलकिटबरोबर डिकीत. तिजोरीची चावी तिजोरीत. सोय आहे, पण माहिती हवी: पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधलं लाल टर्मिनल बाहेर ओढायचं, त्याला १२ व्होल्टचं धन द्यायचं, उणे दाराच्या लॉकच्या उघड्या धातूला. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. भोंगा वाजला तर घाबरू नका, चावीने अलार्म बंद होतो. या टर्मिनलवरून इंजिन सुरू करायला मात्र जाऊ नका, आतली वायर कुलपापुरतीच आहे. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक उतरत नाही, त्यामुळे ही बॅटरी गाडीत नको, घरात ठेवा.

बॅटरी मरतेही लवकर. उभ्या गाडीचा ५० मिलिअँपिअरचा करंट सामान्य धरतात. तोसुद्धा दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६, म्हणजे ७० च्या बॅटरीचा निम्मा जीव. गाडी फक्त रविवारी काढणाऱ्यांनी हा हिशेब करावा आणि मग बॅटरीवाल्याशी भांडावं.

आता पावसाळा. इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा), अलार्म आणि सेंट्रल लॉकिंग यांची पेटी या गाडीत सीटखाली, गाडीच्या जवळजवळ सगळ्यात खोलगट जागी. कापडी छतावरचं पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांपुढे खाली पडायला हवं. उपवन-येऊरच्या बाजूला झाडाखाली उभ्या गाडीत पाचोळा आणि धुळीचा चिखल त्या नळ्या बुजवतो, पाणी आत उतरतं आणि गालिच्याखालच्या फोममध्ये मुरतं. गालिचा वरून कोरडा लागतो, मुठीने दाबला की पाणी. सुरू न होण्याआधी ही पेटी इशारे देते: रिमोट मधूनच ऐकत नाही, आतला दिवा विझत नाही, दारं आपोआप लॉक होतात. हे दिसलं त्याच दिवशी बॅटरीची तार काढून पेटी बाहेर घ्या आणि उघडून वाळवा. पेटी मेली तर नवीला चावीचे कोड शिकवावे लागतात, ते कोड कंपनीच्या नोंदीतूनच येतात, आणि मग वरचं स्टार्टरचं कोटेशन स्वस्त वाटायला लागतं. चारवरून पुन्हा तीन, फक्त त्या पेटीच्या जागेपायी.

तिसरा आजार, सेल्फ जोमात पण इंजिन पकडत नाही, या गाडीला अजून झालेला नाही म्हणून थोडक्यात. इग्निशन चालू केल्यावर पुढून एक-दोन सेकंद पंपाची घुरघुर यायला हवी. इंधनाच्या रेलवर गेज लावलं तर दाब ३.८ बारच्या आसपास. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित उठतो का बघा. मुडद्यासारखा शून्यावर पडून राहिला तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणाऱ्या) पहिला संशय, विशेषतः गाडी तापून चालत्यात बंद पडली असेल तर. स्कॅनरवर कोड बहुधा पी०३३५. कोड वाचायला स्वस्त ब्लूटूथ डोंगल घेणार असाल तर त्यावर आयएसओ ९१४१ (स्कॅनरशी बोलण्याची जुनी पद्धत) चालतं का ते विचारा. ही गाडी स्कॅनरशी कॅन या नव्या पद्धतीने बोलत नाही. नव्या गाड्यांपुरते बनवलेले डोंगल इथे ‘नो कनेक्शन’ म्हणतात आणि लोक ईसीयू गेला समजतात.

छताच्या नळ्या मे संपायच्या आत साफ करा. गवत कापायच्या मशीनची दोन-तीन मिलिमीटरची नायलॉन दोरी वरून घालून फिरवायची, मग तांब्याभर पाणी ओतून ते चाकापुढे पडतंय का बघायचं. गॅरेजमध्ये हवा मारून देतात ती घेऊ नका. आतली नळी जोडावरून निसटते आणि पुढच्या पावसात सगळं पाणी थेट त्या पेटीवर.