व्हिमडिफ, काही महिन्यांच्या वापरानंतर: आधी डिफऑप्ट, मग रंग

व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये दोन फाइल शेजारी लावून फरक बघायला (म्हणजे व्हिमडिफ वापरायला) लागलं की पहिला हात रंगांकडे जातो. मूळचे रंग भडक आहेत हे खरंच. पण रोजच्या वापरात डोळ्यांना जास्त त्रास होतो तो फरक कसा काढला जातो त्याचा. म्हणून व्हिमआरसीत, म्हणजे व्हिमच्या सेटिंगच्या फाइलीत, आधी डिफऑप्टच्या (फरक कसा काढायचा ते ठरवणाऱ्या पर्यायाच्या) ओळी घाला.

सगळ्यात जास्त फायदा डिफऑप्टमधल्या इनलाइनचा. साध्या पद्धतीत व्हिम ओळीतल्या पहिल्या बदललेल्या अक्षरापासून शेवटच्या बदललेल्या अक्षरापर्यंत सगळं रंगवतो. फंक्शनचं नाव आणि शेवटचा आर्ग्युमेंट एवढंच बदललं असलं तरी मधले न बदललेले चार आर्ग्युमेंटही रंगतात. ९.१.१२४३ या पॅचपासून ‘इनलाइन:कॅर’ (अक्षरागणिक फरक) आणि ‘इनलाइन:वर्ड’ (शब्दागणिक फरक) मिळतात. कॅर ऐकायला बरा वाटतो, पण पूर्ण वेगळ्या दोन नावांत योगायोगाने जुळलेली अक्षरं तो सोडून देतो आणि ओळीला देवी आल्यासारखे ठिपके दिसू शकतात. कोड वाचायला वर्डच ठेवा.

दुसरं ‘लाइनमॅच:६०’. नीओव्हिममध्ये (व्हिमपासूनच निघालेल्या एडिटरमध्ये) हे ०.९ पासून आहे, व्हिममध्ये ९.१.१००९ पासून. बदललेल्या ओळींच्या एखाद्या गठ्ठ्यात वर नवी ओळ घुसली की खालच्या ओळी भलत्याच ओळींसमोर येतात, त्या यामुळे जागेवर बसतात. साठ ही सगळ्या खिडक्यांतल्या ओळींची बेरीज आहे: दोन फाइल असतील तर प्रत्येकी तीस, तीन असतील तर वीस. गठ्ठा त्याहून मोठा असेल तर व्हिम गुपचूप जुन्याच पद्धतीवर जातो. ‘चालत नाही’ म्हणण्याआधी ओळी मोजा. सोबत ‘अल्गोरिदम:हिस्टोग्राम’ आणि ‘इंडेंट-ह्युरिस्टिक’ असू द्या. फंक्शनं इकडून तिकडे हलवली असतील तर नुसते बंद होणारे कंस एकमेकांशी जुळवण्याचा वेडेपणा कमी होतो.

प्रत्येक पर्याय वेगळ्या सेट-ओळीवर लिहा. जुन्या सर्व्हरवरच्या व्हिमला एक जरी शब्द कळला नाही तरी ई४७४ हा एरर येतो आणि त्या ओळीतलं काहीच लागू होत नाही.

‘आयव्हाइट’ कायमचं चालू ठेवू नका. दोन स्पेसच्या जागी चार झाल्या तर तो फरकच दाखवत नाही, आणि यॅमल किंवा पायथनमध्ये तीच खरी चूक असू शकते. ओळीच्या शेवटच्या स्पेसचा कचरा तेवढा लपवायचा असेल तर ‘आयव्हाइटईओएल’ पुरतं.

आता रंग. व्हिम हे रंग डिफ-ॲड, डिफ-डिलीट अशा नावांच्या गटांना देतो. डिफ-ॲड हिरवा आणि डिफ-डिलीट लाल करून बसलेल्यांची हमखास फसगत होते. जुन्या फाइलमधली वगळलेली ओळ डावीकडे डिफ-ॲडच्या रंगात, म्हणजे हिरवी दिसते. डिफ-डिलीट फक्त समोरच्या खिडकीतल्या रिकाम्या भरावाला लागतो. त्यामुळे डिफ-डिलीटला लाल देण्यात अर्थ नाही. त्याला पार्श्वभूमी २३५ आणि अक्षरं २३८ (टर्मिनलच्या २५६ रंगांतले क्रमांक) अशी गडद राखाडी द्या, आणि फिलकॅर्समध्ये (रिकाम्या जागी कोणतं चिन्ह भरायचं त्या पर्यायात) डिफसाठी डॅशऐवजी स्पेस ठेवा. डावी बाजू लालच हवी असेल तर नीओव्हिममध्ये विनहायलाइट वापरून त्या खिडकीपुरता डिफ-ॲड आपल्या वेगळ्या गटाकडे वळवता येतो. डिफ-चेंजला (बदललेली ओळ) २३६, डिफ-ॲडला २२ आणि डिफ-टेक्स्टला (ओळीतला नेमका बदललेला भाग) २४ हे आकडे काळ्या टर्मिनलवर दिवसभर खुपत नाहीत. या तिघांना फक्त पार्श्वभूमी द्या, म्हणजे सिंटॅक्सचे रंग वाचता येतात.

हे हायलाइट कलरस्कीमच्या ऑटोकमांडमध्येच (थीम लागली की आपोआप चालणाऱ्या आज्ञेत) घाला आणि तो कलरस्कीम लावणाऱ्या ओळीच्या वर ठेवा. नुसते व्हिमआरसीत मोकळे लिहिले तर थीम बदलताच पुसले जातात. टर्मगुईकलर्स (टर्मिनलमध्ये हेक्स रंग वापरायचा पर्याय) चालू असेल तर वरचे आकडे लागूच होत नाहीत; तिथे गुईबीजीमध्ये हेक्स रंग द्यावे लागतात.

कॉन्टेक्स्ट, म्हणजे फरकाच्या वर-खाली दिसणाऱ्या न बदललेल्या ओळी, मुळात ६ असतो, लॅपटॉपवर ३ बरा. आणि फाइल हाताने बदलल्यावर रंग चुकीच्या जागी दिसले तर थीमला दोष देऊ नका, डिफअपडेट चालवा.